बालकांवरील प्राणसंकटे व त्यांची ओळख
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या समारंभात व्याख्यानास उभे राहणाऱ्याने मंडळीच्या गतकाळाचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी केलेले असल्यामुळे फादरांनी आम्हांस निराळाच विषय नेमून दिला. तो ऐकण्यास सुखकर नाही. बालकाचा प्राण संकटात आहे हे आईबापांनी कसे ओळखावे, आणि वैद्य भेटेपर्यंत काय करावे व काय करू नये, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील याईराची कथा आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकली आहे. सभास्थानाचा हा अधिकारी, मानमरातब असलेला गृहस्थ. परंतु बारा वर्षांची कन्या आसन्नमरण झाली तेव्हा चाकरास न धाडता तो स्वतः धावत आला, आणि गर्दीत प्रभूच्या पायांवर पडला. वाटेत विलंब झाला, आणि तो विलंब त्या बापास कसा वाटला असेल ह्याची कल्पना आम्ही दवाखान्याच्या दारात रोज करतो. कथेच्या शेवटी एक बारीकशी गोष्ट आहे, तिजकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुलगी उठून चालू लागल्यावर, लोक आश्चर्याने थक्क झालेले असता, प्रभूने तिला काहीतरी खावयास द्या असे सांगितले. आजारातून उठलेल्या लेकरास प्रथम अन्न हवे असते, हे त्या घरात दुसऱ्या कोणास सुचले नव्हते.

आता आपल्या स्थळाकडे वळू. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, आणि पुढे पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना आल्यावर रसायनीची वस्ती वाढली. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे ख्रिस्ती कुटुंबीय येथे नोकरीनिमित्त आले, तसेच घाटावरचे व कोकणातले इतर बंधूही आले. २०१७ साली केंद्र सरकारने त्या कंपनीचे येथील बहुतेक विभाग बंद करण्याचे ठरविले. तरी इतर कारखाने आहेत, वस्ती आहे आणि द्रुतगती मार्गही जवळ आहे. तथापि ह्या मार्गापासून थोडे आत गेले की ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या लागतात, तेथून आजाऱ्यास आजही झोळीत घालून खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस धावलेल्या मंडळींस वाहने पायथ्याशी सोडून पावसात व अंधारात डोंगर चढावा लागला, हे आपणांस स्मरत असेलच. म्हणून जे ज्ञान पनवेलच्या इस्पितळात आहे त्यातील काही अंश वाडीवरच्या आईजवळ असणे अगत्याचे आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मोठ्या माणसाची प्रकृती बिघडते ती जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उतरत जाते, आणि पाहणाऱ्यास उतरण दिसते. मुलाचे शरीर बराच काळ नेटाने तग धरते. श्वास जलद करून, नाडी जलद करून ते वेळ मारून नेते. आणि मग एकाएकी कड्यावरून कोसळावे तसे कोसळते. "सकाळपर्यंत तर खेळत होता हो," असे माता सांगते ते खोटे नसते. म्हणून कोसळण्यापूर्वीची चिन्हे पाहावयास शिकले पाहिजे.

पाच वर्षांखालील आजारी मुलात चार गोष्टी पाहाव्या. ते दूध ओढत नाही वा पाणी पीत नाही काय? पोटात गेलेले सर्वच ओकून टाकते काय? त्यास झटके आले काय? ते सुस्त पडून आहे, हाक मारली तरी नीट जागे होत नाही असे आहे काय? ह्यांपैकी एकही गोष्ट आढळली तर रोगाचे नाव शोधीत बसू नये. त्याच घटकेस निघावे. ताप किती आहे ह्या प्रश्नास लोक फार महत्त्व देतात. आमच्या मते मूल तुमच्याकडे पाहते की नाही हा प्रश्न तापमापकाहून मोठा आहे. अगदी तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर ताप नसणे ही सुद्धा शुभवार्ता नव्हे. नवजात अर्भकाचे तळपाय गार लागले, ओढणे मंदावले व रडणे क्षीण झाले, तर ते फार आजारी आहे असे समजून, आईच्या उघड्या उराशी धरून, वरून पांघरूण घालून न्यावे.

आता श्वासाविषयी. ज्यास आपल्याकडे "डबा" म्हणतात, बरगड्यांखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात, मूल कण्हते, तो बहुधा न्यूमोनिया असतो. त्यावर पोटास डाग देण्याची चाल अद्यापि समूळ गेलेली नाही. डागाने रोग जात नाही, मात्र वाचण्याचा वेळ जातो. न्यूमोनिया ओळखण्यास नळी लागत नाही, चित्र लागत नाही. लागते ते एक घड्याळ आणि शांत असलेले मूल. पूर्ण एक मिनिटभर पोटाचे वरखाली होणे मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील तर ते जलद होत. दोन महिन्यांखालील बाळाचे पुनः मोजून खात्री करावी आणि मग मात्र वाट पाहू नये. रडणाऱ्या वा नुकत्याच दूध प्यालेल्या मुलाचे मोजणे व्यर्थ आहे.

हे काम अक्षरशत्रू स्त्रीही करू शकते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था चालविली आहे. तेथे त्यांनी गावातील साध्या माणसांस व सुइणींस न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावरील औषध देण्यास शिकविले. ज्यांस आकडे येत नाहीत त्यांच्याकरिता त्यांनी एक श्वासमापक केला: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यावर पाळी आली की श्वास जलद आहेत. किती साधी युक्ती! ह्या प्रयोगाचा वृत्तांत १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ही व्यवस्था होती तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहूनही कमी आढळले.

ह्यापुढील विषय विंचवाचा. तो थोडा विस्ताराने सांगणार आहोत, कारण तो आपल्या रायगड जिल्ह्याचा आहे आणि त्यात आमचाही एक अपराध आहे.

विंचू दोन जातींचे आपण पाहतो. काळा मोठा विंचू, ज्यास इंगळी म्हणतात, तो दिसण्यास भयंकर असून त्याच्या दंशाने वेदना फार होतात, पण प्राणावर क्वचितच बेतते. दुसरा लहानसा तांबडा विंचू. तो पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, दगडांखाली, वळचणीत, कधी मुलाच्या पायताणात असतो. प्राणघातक आहे तो हाच. १९७६ साली डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून आले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले व माणसे एका रात्रीत दगावताना त्यांनी पाहिली. पुस्तकांत ह्यावर उपयोगी असे फारसे काही नव्हते. ते रोग्यांच्या उशाशी तासन् तास बसले, दर थोड्या वेळाने नाडी व रक्तदाब लिहीत गेले, आणि मृत्यू कसा येतो हे त्यांनी शोधून काढले. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हृदयावर असह्य भार पडतो. अखेर फुप्फुसांत पाणी भरून रोगी कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. १९७८ व १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'ने छापली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ह्या उपचारापूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण शेकडा एक ते तीनपर्यंत उतरले. २०११ साली त्यांनी व डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी ७० रोग्यांवरील तुलनात्मक प्रयोग प्रसिद्ध केला: केवळ प्राझोसिन दिलेल्यांस बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तास लागले, तर त्याजबरोबर विंचवाची प्रतिविष लसही दिलेल्यांस सुमारे ८ तास. २०२२ साली सरकारने डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांस पद्मश्री दिली. हे सर्व परदेशातील मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, महाडास घडले, हे आपल्या मुलांस शाळेत कोणी सांगते की नाही कोण जाणे.

आता आमचा अपराध. बऱ्याच वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी, एका वाडीवरचा सहासात वर्षांचा मुलगा सायंकाळी आमच्यासमोर आणला गेला. पेंढा काढताना हातास विंचू चावला होता. वेदना फारशी नव्हती. मुलगा रडतही नव्हता. एकदोन वेळा ओकला होता आणि कपाळ घामाने भिजले होते. उकाडा होता, घाम कोणास येत नव्हता? आम्ही दंशाच्या जागी औषध लावले आणि बापास, जो काही तक्रार न करता हात जोडून उभा होता, निर्धास्त जाण्यास सांगितले. मध्यरात्री तीच माणसे झोळी घेऊन परत आली. मुलाचे हातपाय बर्फासारखे गार, छातीत घरघर, तोंडावाटे तांबूस फेस. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर तो गेला. जे आम्ही वाचलेले होते ते आम्ही पाहिले नाही, इतकेच. बाप पुढेही आमच्याकडे येत असे आणि त्याने त्या रात्रीविषयी कधीही एक शब्द काढला नाही.

म्हणून हे नीट ऐका. विंचू चावलेल्या मुलाची वेदना थोडी असणे हे चांगले चिन्ह नव्हे. भगताने मंत्र घातला, कोणी मुळी उगाळून लावली, आणि वेदना उतरली, तर घरात आनंद होतो. पण ओकारी, अंगभर घाम, तोंडास सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय, आणि मुलग्यात इंद्रिय ताठ होणे (ही गोष्ट लाजेस्तव कोणी सांगत नाही, ती सांगावी) ही चिन्हे विष अंगात भिनल्याची आहेत. खोकला व धाप लागण्यापूर्वी मूल इस्पितळात पोचले पाहिजे. मुलास चालवू नये, निजवून न्यावे. औषध दिल्यावरही त्यास एकदम उठवून बसवू नये, कारण रक्तदाब उतरून ते मूर्च्छित होण्याचा संभव असतो. औषधाचे प्रमाण मुलाच्या वजनावरून वैद्याने ठरवावयाचे असते. घरी गोळी ठेवून अंदाजाने देऊ नये.

सापाविषयी थोडक्यात. आपल्याकडे नाग, घोणस, फुरसे व मण्यार हे चार घातक होत. पैकी मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या मुलास चावते, आणि तिचे दात इतके बारीक की व्रण दिसत नाही व दुखतही नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशा मुलास पोटदुखीचे औषध देऊन शाळेस धाडल्याच्या गोष्टी घडतात. दंश झालेला अवयव फळीस बांधून स्थिर ठेवावा. दोरी आवळू नये, कापू नये, चोखू नये. साप मारीत बसू नये. आणखी एक: मूल लहान म्हणून प्रतिविष थोडे दिले जात नाही, सापाने विष तेवढेच सोडलेले असते, म्हणून औषधही मोठ्या माणसाइतकेच लागते. जमिनीपासून उंच निजणे व मच्छरदाणी नीट खोवून घेणे हा ह्यावरील उत्तम उपाय आहे.

हगवणीत मूल मरते ते पाण्याच्या व क्षारांच्या अभावी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आल्यावर डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनी मीठसाखरेचे पाणी नातेवाइकांकरवीच पाजविले आणि हजारो जीव वाचविले. सरकारी पुडी मिळाली तर एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी घालावी, अर्धी नव्हे. न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. त्याहून अधिक मीठ अपायकारक आहे. घोट घोट पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुनः चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध व मिठाची पेज चालू ठेवावी. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू बसली, की पाजीत पाजीतच निघावे.

दर ३ फेब्रुवारीस आपण संत ब्लेझच्या सणास दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद घेतो. घशात काटा अडकलेल्या मुलास त्यांनी वाचविले अशी परंपरा आहे. परंतु शेंगदाणा, चिंचोका, सुपारी, सीताफळाची बी मुलाच्या श्वासनलिकेत गेली तर हाताशी अवघी काही मिनिटे असतात. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघत नाही, ओठ निळे पडले, असे दिसताच एक वर्षाखालील बाळास पालथे, डोके खाली करून मांडीवर धरावे व दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच रट्टे द्यावे; मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे; वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. मोठ्या मुलास पाठीतील रट्ट्यांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत व वर पाच हिसके द्यावे. वस्तू दिसत नसता घशात बोट घालू नये. ती आणखी खोल जाते.

पाताळगंगेत वा खदानीतल्या पाण्यात बुडालेल्या मुलास उलटे टांगून पोट दाबण्यात जो वेळ जातो तोच त्याचा प्राण घेतो. श्वास नसेल तर तोंडास तोंड लावून प्रथम पाच वेळा फुंकावे, मग छाती दाबणे व फुंकणे चालू ठेवावे. ते करून दाखविल्यावाचून कळत नाही, म्हणून सभेनंतर बाहुलीवर दाखवू.

रॉकेल वा शेतातले औषध प्यालेल्या मुलास ओकवू नये. विशेषतः रॉकेल ओकताना छातीत उतरते. कपड्यांवर औषध सांडले असल्यास कपडे काढून अंग धुवावे आणि बाटली बरोबर न्यावी. शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल ठेवणाऱ्या सुशिक्षितांची संख्या ह्या धर्मग्रामातही कमी नाही.

तापात झटका आला तर कुशीवर निजवावे, घड्याळ पाहावे, दातांत चमचा घालू नये, पाणी ओतू नये. कांदा व चप्पल हुंगविण्याने काही होत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर निघावे. थांबला तरी त्याच दिवशी दाखवावे.

आता एक नाजूक गोष्ट. मरणोन्मुख बालकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर श्रद्धावंत मातेचा जीव तळमळतो, आणि फादर येईपर्यंत मूल घरीच ठेवले जाते. असे करण्याचे कारण नाही. अशा संकटात योग्य हेतूने कोणीही मनुष्य बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण फादर आपणांस सांगतीलच. त्यास पाणी व अर्धे मिनिट पुरते, आणि ते गाडीतही देता येते. रोझरीही गाडीत म्हणता येते. नवसाचे फेडणे मूल घरी परत आल्यावर करावे.

२०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हाक देताना वाडीचे नाव व जवळची खूण सांगावी आणि एका माणसाने रस्त्यावर येऊन उभे राहावे. गाडी येण्यास विलंब दिसला तर मिळेल त्या वाहनाने तिच्या दिशेने निघावे. आपल्या मंडळीत ज्यांच्याजवळ जीप वा मोटार आहे आणि जे रात्री उठण्यास तयार आहेत, त्यांची नावे देवळाच्या पडवीत फलकावर लावण्याचे फादरांनी मान्य केले आहे. काल सायंकाळपर्यंत चार नावे आली होती.

पुढच्या बाकावर एक बाळ स्वस्थ निजलेले दिसते. त्याच्या आईची परवानगी आहे. ज्यांच्या घड्याळास सेकंदकाटा आहे त्यांनी ते काढावे, बाकीच्यांनी बाळाच्या पोटाकडे पाहावे, आणि आम्ही खूण केल्यापासून पुनः खूण करीपर्यंत प्रत्येकाने मनातल्या मनात मोजावे. मग आपले आकडे ताडून पाहू.